दुसरी सीडी

लहानपणी हा टाइमपास तुम्हीही केला असेल. ‘चिमा काय कामाची’ उलटं वाचा. ‘रामाला भाला मारा’ उलटं वाचा. आणि सगळ्यात सॉलिड म्हणजे ‘तो कवी डालडा विकतो’. डावीकडून वाचा नाहीतर उजवीकडून, कवी बिचारा डालडाच विकत असतो. शाळेत मागच्या बाकावर बसून आम्ही अशी वाक्यं गोळा करायचो. त्याचा पुढे आयुष्यात काही उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. झाला. एक स्पॅनिश सिनेमा कळायला झाला!

सिनेमाचं नाव ‘लॉस आमांतेस देल सिर्कुलो पोलार’. इंग्रजीत ‘लव्हर्स ऑफ द आर्क्टिक सर्कल’. साल १९९८. दिग्दर्शक हूलिओ मेदेम. त्यातल्या मुलीचं नाव आना, मुलाचं ओट्टो. रोमन लिपीत लिहून बघा, दोन्ही नावं उलटी केली तरी तीच राहतात. आणि आता दिग्दर्शकाचं आडनाव लिहा. मेदेम. तेही तसंच! म्हणजे या माणसाला हा खेळ सुचला नसता तरच नवल.

माझी आणि या सिनेमाची पहिली भेट अर्धीच झाली. पुण्यात तीन पोरं मिळून वन बीएचके शेअर करत होतो तेव्हाची गोष्ट. आमचा एक रूममेट कुठून कुठून सिनेमे पैदा करायचा. तेव्हा एक सिनेमा दोन सीडींवर यायचा, आठवतंय? इंटर्व्हल म्हणजे उठून सीडी बदलणं. त्याने मला ही जोडी दिली आणि म्हणाला, ‘बघ, वेड लागेल.’ पहिली सीडी बघितली, वेड लागलं. दुसरी घातली, तर ती नुसती घरघर करत राहिली. रुमालाने पुसली, शर्टाला पुसली, टूथपेस्टसुद्धा लावून बघितली (हा तेव्हाचा नामी उपाय होता, हसू नका). ढिम्म नाही. मित्र म्हणाला, ‘दुसरी कॉपी मिळाली की देतो.’ पुढे त्याला परदेशी नोकरी लागली. मी म्हटलं, योग असेल तेव्हा बघू.

योग यायला जवळपास वीस वर्षं लागली. तो कसा आला तेही सांगतो. ‘मनी हाइस्ट’ बघितलीय ना? त्यातली ती गरोदर इन्स्पेक्टर, अलिसिया सिएरा, जिचा धड राग येत नाही आणि धड लळाही लागत नाही? तिला बघताना मला सारखं वाटत होतं, हे डोळे आपण कुठेतरी पाहिलेत. शेवटी शोधलं. नाजवा निमरी. अरेच्चा, ही तर माझी आना! पहिल्या सीडीत जिला सोडून आलो होतो ती. मग त्या रात्री बसलोच आणि सिनेमा अथपासून इतिपर्यंत संपवला.

गोष्ट वरवर साधी आहे. आठ वर्षांचा ओट्टो शाळेबाहेर गेलेल्या बॉलमागे धावतो. त्याच वेळी आना धावत सुटलेली असते, कारण तिचे वडील गेल्याचं तिला नुकतंच कळलंय. दोघं समोरासमोर येतात. तो थबकतो, ती पडते, नजरानजर होते. बस्स. ओट्टोच्याही घरी त्याच सुमारास भूकंप झालेला असतो. त्याचे आईवडील वेगळे होणार असतात. तो प्रेमाबद्दलचा एक प्रश्न कागदावर लिहितो, त्याची विमानं करतो आणि शाळेच्या खिडकीतून सोडून देतो. विमानं जातात भलत्याच ठिकाणी. त्यांच्यामुळे ओट्टोचे वडील आणि आनाची आई यांची ओळख होते आणि ते दोघं एकत्र येतात. म्हणजे ज्या मुलीवर याचा जीव जडलाय, ती याची सावत्र बहीण म्हणून गाडीत मागच्या सीटवर शेजारी येऊन बसते. घ्या!

पुढचं सगळं लपूनछपून. खिडक्या, चिठ्ठ्या, बंद दारं. मग ताटातूट. तो कुरिअर कंपनीच्या विमानाचा पायलट होतो, ती शाळेत शिकवते. माद्रिदच्या प्लाझा मायोर चौकात एकदा दोघं कॅफेच्या खुर्च्यांवर अक्षरशः पाठीला पाठ लावून बसतात. एकाने नुसती मान वळवायची बाकी असते. कुणीच वळवत नाही. आपण खुर्चीत बसल्या बसल्या ओरडतो, ‘अरे, मागे बघ!’ आणि शेवटी आना जाते थेट फिनलंडला, लॅपलंडमधे, आर्क्टिक सर्कलवरच्या एका लाकडी घरात. तळ्याकाठी खुर्ची टाकते आणि आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या योगायोगाची वाट बघत बसते.

जागा अशी का निवडली असेल? भूगोलाचं पुस्तक आठवा. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला, म्हणून साडेसहासष्ट अंशांच्या वर उन्हाळ्यात एक दिवस तरी सूर्य मावळतच नाही. तो क्षितिजापर्यंत खाली येतो, टेकल्यासारखं करतो आणि परत वर चढतो. संपत आला असं वाटतानाच पुन्हा सुरू. गोल. ज्या सिनेमात माणसांची नावंही गोल आहेत, त्याला याहून बरं लोकेशन कुठलं मिळणार?

आता या मेदेमसाहेबांबद्दल. जन्म १९५८ चा, सान सेबास्तिआनचा. हे स्पेनच्या उत्तरेला बास्क प्रांतातलं समुद्रकाठचं शहर. शिक्षण काय, तर मेडिकल! घरी वडिलांचा सुपर एट कॅमेरा होता, त्यावर पोरवयात हात साफ करून घेतला. डॉक्टरकीची डिग्री मिळवली, वर्तमानपत्रात सिनेमांची परीक्षणं लिहिली, शॉर्ट फिल्म केल्या. आणि १९९२ मधे पहिला सिनेमा आला, ‘वाकास’, म्हणजे ‘गायी’. बास्क खेड्यातल्या दोन घराण्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वैराची गोष्ट. त्यासाठी नव्या दिग्दर्शकाचा गोया पुरस्कार मिळाला. गोया म्हणजे स्पेनमधला सगळ्यात मोठा सिने-सन्मान. १९९३ मधे ‘ला आर्दिया रोहा’, म्हणजे ‘लाल खार’. १९९६ मधे ‘तिएर्रा’, तो कान महोत्सवाच्या स्पर्धेत होता.

मधल्या काळात हॉलिवूडचं दारही किलकिलं झालं होतं. स्टीव्हन स्पीलबर्गच्या गोटातून ‘द मास्क ऑफ झोरो’साठी विचारणा आली होती. मेदेमने नकार दिला. ‘झोरो’ दुसऱ्याने केला, तो आला १९९८ मधे आणि धो धो चालला. त्याच वर्षी मेदेमने काय आणलं, तर कागदी विमानांचा हा सिनेमा! आपल्यातल्या किती जणांनी असलं अप्रेझल लेटर परत केलं असतं? मी तर नक्कीच नाही.

हा सिनेमा बनवलाय कसा, ते बघण्यासारखं आहे. एक तुकडा ‘ओट्टो’चा, एक ‘आना’चा, असा तो आलटून पालटून पुढे सरकतो. तोच प्रसंग आधी त्याच्या डोळ्यांनी दिसतो, मग तिच्या. आणि दर वेळी काहीतरी वेगळं असतं. त्याला जे प्रेम वाटलं, ते तिच्या लेखी गेलेल्या वडिलांचं परत येणं असतं. एकच नजर, अर्थ दोन. कॉलेजात तुमचंही असं झालं असेल. तुम्हाला वाटलं होतं ती तुमच्याकडे बघून हसली, आणि ती तुमच्या मागच्या बोर्डावरचा टाइमटेबल वाचत होती.

नायक-नायिकेची वयं तीन, म्हणून जोड्याही तीन. मोठेपणीची आना म्हणजे नाजवा निमरी, मोठेपणीचा ओट्टो म्हणजे फेले मार्तिनेस. दोघंही त्याच्या आदल्या वर्षी आलेल्या आलेहांद्रो आमेनाबारच्या ‘आब्रे लोस ओहोस’मधे होते. आणि छोटा ओट्टो? तो मेदेमचा स्वतःचा मुलगा, पेरू. आईबापांच्या भांडणात सापडलेलं आठ वर्षांचं पोर स्वतःच्या पोराकडून करून घ्यायचं, याला हिंमत लागते बरं का.

संगीत आल्बेर्तो इग्लेसिआसचं. तोही सान सेबास्तिआनचाच. ‘वाकास’पासून मेदेमबरोबर होता. पुढे पेद्रो आल्मोदोवारचा आवडता संगीतकार झाला आणि ‘द कॉन्स्टंट गार्डनर’, ‘द काइट रनर’ यांच्यासाठी ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचला. या सिनेमासाठी त्याला गोया मिळालं. दुसरं गोया मिळालं एडिटर इवान आलेदोला, आणि ते तर मिळायलाच हवं होतं. काळ पुढे-मागे उड्या मारतोय, वयं बदलतायत, नट बदलतायत, बघणारे डोळे बदलतायत, तरी आपण कुठे हरवत नाही. चांगल्या एडिटरचं काम चांगल्या गृहिणीसारखं असतं. सगळं जागच्या जागी असलं की कुणाच्या लक्षातच येत नाही.

आणि या सगळ्याच्या खाली एक जुनी जखम आहे. २६ एप्रिल १९३७ रोजी स्पॅनिश यादवी युद्धात जर्मन विमानांनी बास्क प्रांतातल्या गेर्निकावर बॉम्ब टाकले. पिकासोचं ते प्रचंड चित्र त्याच गावाबद्दलचं. सिनेमात ओट्टोच्या आजोबांना त्या काळी एक जर्मन वैमानिक पॅराशूटसकट झाडाला लटकलेला सापडतो. शत्रू! आजोबा त्याला मारत नाहीत, खाली उतरवतात. त्या वैमानिकाचं नाव ओट्टो, आणि तेच नाव पुढे नातवाला मिळतं. म्हणजे हिरोचं नावच शत्रूचं. हा तपशील मला पहिल्या सीडीच्या वेळी नुसता गंमतशीर वाटला होता. आता वाटत नाही.

कारण पुढे मेदेमने काय केलं, ते आता माहीत आहे. २००३ मधे त्याने ‘ला पेलोता बास्का’ नावाची डॉक्युमेंटरी केली, बास्क प्रश्नावर. एटाच्या बॉम्ब आणि गोळ्यांनी पोळलेला तो काळ. मेदेमने वेगवेगळ्या बाजूंच्या ढीगभर लोकांना कॅमेऱ्यासमोर बसवलं आणि बोलू दिलं. झालं, गहजब! तेव्हाचा सत्ताधारी पक्ष भडकला, दहशतवादाने ज्यांची माणसं नेली त्यांच्या संघटना रस्त्यावर उतरल्या. मारणाऱ्याला आणि मरणाऱ्याला एकाच तागडीत घातलंस, हा आरोप. त्यांच्या दुःखापुढे आपण कोण बोलणार? पण त्या माणसाची खोड मात्र ओळखीची वाटते. एका गोष्टीकडे एकाच डोळ्याने बघणं त्याला जमतच नाही. लव्ह स्टोरीत ही खोड गोड वाटते, राजकारणात महागात पडते.

त्याच्या आयुष्यात एक खरी आनाही होती. त्याची बहीण, चित्रकार. ती अपघातात गेली. तिच्या आठवणीत त्याने २००७ मधे ‘काओतिका आना’ केला आणि तिचीच चित्रं त्यात वापरली. सिनेमा चालला नाही. पण काही सिनेमे चालण्यासाठी केलेले नसतातच. आणि गोल मात्र त्याला अजून सोडत नाहीत. २०२५ मधे त्याचा नवा सिनेमा आला, एकाच दिवशी जन्मलेल्या दोघांचा, स्पेनच्या नव्वद वर्षांतून जाणारा. नाव काय? ‘आठ’. इंग्रजी आठाचा आकडा घ्या आणि उलटा करून बघा.

असो. आता मूळ मुद्दा. वीस वर्षांनी दुसरी सीडी (म्हणजे उरलेला अर्धा भाग हो) बघितली, तेव्हा काय झालं?

शेवट सांगणार नाही, घाबरू नका. एवढंच सांगतो की तोही दोन डोळ्यांनी दिसतो, आणि त्यातला कुठला खरा यावर नवरा-बायकोत रात्री दीड वाजता भांडण होऊ शकतं. आमचं झालं.

पण मला झोप लागली नाही ती वेगळ्याच कारणाने. पहिल्या वेळी मी हा सिनेमा आना आणि ओट्टोचा म्हणून बघितला होता. चोविसाव्या वर्षी तसाच बघतात. या वेळी मला सारखी ओट्टोची आई दिसत राहिली. लव्ह स्टोरीच्या एका कोपऱ्यात बसलेली बाई. नवरा सोडून गेलाय, मुलगा तेवढा आहे. मग मुलगाही आनाच्या जवळ राहता यावं म्हणून बापाकडे राहायला जातो. दुष्टपणा काही नाही त्यात. प्रेमात आहे बिचारा. येईन की भेटायला, कुठे लांब जातोय? आणि एक दिवस तो आईच्या घरी जातो, तेव्हा उशीर झालेला असतो.

त्यानंतर तो ओट्टो पहिल्यासारखा राहत नाही. आनापासून तुटतो, घर सोडतो, पायलट होतो, आभाळात जाऊन बसतो. सगळे म्हणतात हा सिनेमा योगायोगाबद्दल आहे. मला आता तसं वाटत नाही. आईचं घर योगायोगावर नव्हतं. पत्ता माहीत होता, रस्ता माहीत होता, किल्ली बहुतेक खिशात होती. तिथे जायला कागदी विमानाची गरज नव्हती. नुसतं उठून जायचं होतं.

आणि आपली भाषा या बाबतीत आपल्याला फार सांभाळून घेते बघा. ‘योग असेल तर भेटू.’ ‘सवडीने येतो.’ ‘बघू, जमलं तर.’ ‘दिवाळीला आहेच की.’ ऐकायला किती सज्जन! पण त्यातल्या प्रत्येक वाक्याचा अर्थ एकच, मी येत नाहीये. न येण्याचं पाप आपण ग्रहांच्या नावावर ढकलून मोकळे होतो. आना आणि ओट्टो तरी खरोखर हरवले होते. आपण कुठे हरवलोय? सगळ्यांचे नंबर सगळ्यांकडे आहेत. त्या रूममेटचा फोटो मला दर आठवड्याला फोनवर दिसतो, त्याच्या मुलीचे दात पडलेले कळतात. तरी गेल्या सहा वर्षांत आम्ही एकमेकांचा आवाज ऐकलेला नाही. प्लाझा मायोरमधल्या त्या दोन खुर्च्याच की या. पाठीला पाठ.

माझी आई साताऱ्याला एकटी असते. पुणे-सातारा एकशेदहा किलोमीटर. माद्रिद ते लॅपलंड तीन हजारांच्या वर. ओट्टो विमान घेऊन तेवढं गेला, आणि मला गणपतीनंतर खंबाटकी घाट ओलांडायला जमलं नव्हतं. प्रोजेक्ट होतं, मग मुलाची परीक्षा होती, मग टायर बदलायचे होते. कारणं सगळी खरी. खोटं कारण मी कधीच देत नाही, तीच तर पंचाईत आहे.

शनिवारी सकाळी काही न कळवता निघालो. म्हटलं, आपणही एकदा योगायोग व्हावं. साडेदहाला बेल वाजवली. दार उघडायला नेहमीपेक्षा जरा वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात माझ्या पोटात जे काही झालं ते इथे लिहीत नाही. मग कडी वाजली. आईने बघितलं, माझ्या मागे बघितलं, अजून कोण आलंय का म्हणून, आणि म्हणाली,

‘अरे, सांगून तरी यायचं! आज नुसती मुगाची खिचडी टाकलीये.’

खिचडी खाल्ली. तिच्या मोबाइलवर अपडेट अडकून पडलं होतं, ते करून दिलं. फ्यूज झालेला ट्यूब बदलला. ती शेजारच्यांच्या घरातली भानगड सांगत बसली, मी ऐकत बसलो. काहीही झालं नाही. सिनेमा काढण्यासारखं तर अजिबातच नाही.

रात्री परत येताना घाटाच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली आणि त्या रूममेटला फोन लावला. तिकडे दुपार असणार. चार रिंग झाल्या.

‘बोल रे,’ तो म्हणाला, जणू कालच बोललो होतो.

म्हटलं, ‘दुसरी सीडी बघितली.’